टिपणिसांकडे मसाला विकत मिळत नाही

श्यामकांत टिपणिसांच्या घरी मसाला विकत मिळत नाही, हे अंधेरीपासून मुलुंडपर्यंत निदान तीनशे कुटुंबांना पक्कं ठाऊक होतं. कारण ती तीनशे कुटुंबं वर्षाचा मसाला तिथूनच आणत असत.

रीत अशी होती. रिकामा डबा घेऊन यायचं, खुर्चीवर टेकायचं, कपभर पन्हं प्यायचं आणि रत्नप्रभाबाईंना विचारायचं, "वहिनी, यंदा मसाला उरलाय का हो थोडा?" मसाला उरलेला कधीच नसे. तो मणाने केलेला असे. पण विचारायचं असंच. मग डबा भरून मिळे. पैसे मात्र रत्नप्रभाबाईंच्या हातात द्यायचे नाहीत. आतल्या खोलीत देव्हारा होता, गणपतीपुढे तांब्याचं ताम्हन होतं, त्यात नमस्कार करून ठेवायचे. किती ठेवायचे, हे नव्या माणसाला कळत नसे. तो शेजारणीला दबक्या आवाजात विचारी आणि ती त्याहून दबक्या आवाजात सांगे, "किलोला लोक पंधरा ठेवतात." मिरची कडाडली त्या साली 'देवाला यंदा तीन रुपये जास्त लागतात' असा निरोप इमारतभर फिरला होता. देवाच्या वाढत्या गरजांबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

ही रीत श्यामकांतांनी बसवलेली. ते एका सरकारी महामंडळाच्या ऑडिट विभागात सुपरिंटेंडंट होते. दुसऱ्याच्या बिलात टॅक्सीचा सव्वा रुपया जास्त दिसला की त्यांची झोप उडे. टिपणिसांच्या घराण्यात सात पिढ्या लेखणी चालली होती. कोणीतरी तलवारही चालवली होती असं म्हणत, आणि ती तलवार पाहिलेला माणूस हयात नसल्यामुळे ते कोणी खोडून काढत नसे. तागडी मात्र कोणी हातात धरली नव्हती. त्यामुळे पासष्ट साली जेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मसाल्याचे पैसे सरळ टेबलावर ठेवले, तेव्हा श्यामकांतांना कोणीतरी आपल्या घरात तराजू टांगल्यासारखं वाटलं.

"छे छे! पैसे कसले?" ते म्हणाले होते.

"अहो, मिरच्या काय फुकट येतात?" बाई म्हणाल्या होत्या.

त्यावर श्यामकांतांनी एक रात्र विचार केला आणि सिद्धान्त मांडला. आपण विकत नाही, आपण देतो. लोक देवापुढे ठेवतात. देवापुढचं घरच्या माणसाने उचलायचं, हा शिरस्ताच आहे. यात धंदा कुठे आला? आणि धंदाच नाही म्हटल्यावर त्यावर कर भरण्याचा प्रश्न येतच नव्हता. आपण कर चुकवतो असं श्यामकांतांना नऊ वर्षांत एकदाही वाटलं नाही. चुकवणारी माणसं वेगळी, ती व्यापारी असतात.

त्या ताम्हनातून सोसायटीच्या ब्लॉकचे हप्ते गेले, मुलाची कॉलेजची फी गेली, खुद्द श्यामकांतांच्या टेरेलीनच्या पॅन्ट्स आल्या. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते त्याला 'घरात बरकत आहे' असं म्हणत. आणि कोणी मसाल्याची तारीफ केली की हसून म्हणत, "हिची आपली हौस. वेळ जायला नको का?"

वेळ जायला म्हणून रत्नप्रभाबाई पहाटे उठून मिरच्या गच्चीवर टाकत, बाकीचा मसाला भाजत, दोन बायका हाताशी घेऊन निवडत, डबे डोक्यावर देऊन कांडप गिरणीतल्या डंखावर कांडून आणत, चाळत, भरत. शिवाय सोडे होते. वेसाव्याहून शेवंती कोळीण टोपलीभर सोलून वाळवलेली कोळंबी आणून देई, आणि तीही टिपणिसांकडून 'उरलेली' म्हणून पुढे जाई. एकट्या शेवंतीने ही रीत कधी पाळली नाही. एकदा श्यामकांतांनी तिला मोठ्या मनाने सांगितलं, "शेवंती, तुझे पैसे त्या ताम्हनातून घे हो."

"देवाचा पैसा मना नको, भाऊ," ती म्हणाली. "मी काय देवाला म्हावरं विकलं? बायला विकलं. बाय हातावर देईल." आणि मग टोपली उचलता उचलता, "देवाशी घासाघीस करता येत नाय, म्हणून बोलते," असंही सांगून गेली. तिची मापं थोडी हलकी असत, त्यामुळे तिचं तत्त्वज्ञान श्यामकांतांनी मनावर घेतलं नाही.

चौऱ्याहत्तर साली रत्नप्रभाबाईंचा उजवा खांदा धरला. डंखवाल्याकडे रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याची राहिलेली हळद आपल्या मसाल्यात येऊ नये म्हणून त्याच्याशी भांडायचं, डबे वाहायचे, हे होईना. स्वतःचं कांडायचं यंत्र घ्यावं असं त्यांनी ठरवलं. स्टेशनजवळच्या बँकेत लहान उद्योगांना कर्ज मिळतं असं कळलं, म्हणून त्या एकट्याच जाऊन आल्या आणि संध्याकाळी जेवताना म्हणाल्या,

"अहो, बँकवाले विवरणपत्र मागतात. इन्कम टॅक्सचं."

"माझं ना? ते ऑफिसातून..."

"माझं."

श्यामकांतांचा घास हातातच राहिला. "तुझं? तुला कसलं इन्कम?"

रत्नप्रभाबाईंनी त्यांच्या ताटाकडे पाहिलं. ताटात सोड्याची खिचडी होती, वर खोबरं-कोथिंबीर होती, बाजूला तळलेला पापड होता. "हे जेवताय ते," त्या म्हणाल्या.

"अगं, तसं नाही म्हणत मी. पण एकदा कागदावर धंदा म्हटलं की सगळं आलं. प्रोप्रायटर सौ. रत्नप्रभा टिपणीस! दारावर पाटी लावायची का आता?"

"लावली तर काय होईल?"

"लोक काय म्हणतील?"

"मसाला द्या म्हणतील. आत्ताही म्हणतात."

"अगं, माणसं टॅक्स चुकवायला वकील लावतात, आणि तू आपणहून..."

"त्यांनी लावावेत," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मला माझ्या नावाचा कागद हवाय. आणि खरं सांगू? नऊ वर्षं चोरून काहीतरी करतेय असं वाटतं मला. खरंच चोरी केली असती तर निदान मजा तरी आली असती."

दुसऱ्या दिवशी त्या तिसऱ्या मजल्यावर अण्णा राजे यांच्याकडे गेल्या. अण्णा इन्कम टॅक्समधूनच हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. दरसाल चार किलो मसाला न्यायचे. श्यामकांतही मागोमाग गेले, बायकोला परत आणायला. अण्णांनी त्यांना बसवून घेतलं.

"या टिपणीस! नऊ वर्षं तुमच्या गणपतीपुढे पैसे ठेवतोय मी. मला वाटलं होतं, तुम्ही ट्रस्ट काढणार."

"अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं तर कधी बोलला नाहीत?"

"मसाला बंद झाला असता ना राव."

अण्णांनी रत्नप्रभाबाईंकडून मिरच्यांचा, धण्याचा, सोड्यांचा, मजुरीचा आणि विक्रीचा अंदाज घेतला. खरेदीच्या पावत्या होत्या, पण त्यांवर नाव नव्हतं. "आमचं नाव नको, नुसतं रोख लिहा," असं श्यामकांतांनीच व्यापाऱ्याला बजावून ठेवलेलं होतं. गेल्या काही वर्षांचं उत्पन्न करमाफीच्या वर जात होतं, हे अण्णांनी सांगितलं. दंड-व्याज धरून किती होईल तेही सांगितलं, आणि श्यामकांतांचा चेहरा पाहून म्हणाले, "घाबरू नका. तुमच्या लाजेपेक्षा स्वस्तात सुटताय."

फॉर्म भरले गेले. 'धंद्याचे स्वरूप' या रकान्यात रत्नप्रभाबाईंनी 'मसाले व सोडे, घरगुती, विक्री' असं लिहिलं. त्यातला शेवटचा शब्द वाचताना श्यामकांतांनी चष्मा पुसला.

महिन्याभराने इन्कम टॅक्सच्या ऑफिसातून बोलावणं आलं. अधिकारी तरुण होते, नाडगौडा म्हणून. टेबलासमोर दोन खुर्च्या, मागे बाकावर पाच-सहा माणसं आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेली, कोपऱ्यात दोन कारकून. नाडगौडांनी फॉर्म उलटेपालटे केले.

"बाई, मसाल्याचं एवढं उत्पन्न?"

"हो."

"मिस्टर काय करतात?"

"ऑडिटमध्ये आहेत. सरकारी."

"अस्सं," नाडगौडा म्हणाले. तो 'अस्सं' श्यामकांतांनी ओळखला. संशयास्पद व्हाउचर हातात आलं की ते स्वतः तसंच म्हणत.

"राग मानू नका बाई," नाडगौडा म्हणाले, "पण या टेबलावर शिवण करणाऱ्या, लोणची घालणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या बायका इतक्या येतात की काय सांगू! आणि प्रत्येकीचे मिस्टर कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर. गेल्या वर्षी एका साहेबांच्या पत्नीने पापडांवर फ्लॅट घेतला होता. मी म्हटलं, जरा लाटून दाखवा. त्यांनी पोळपाट उलटा मांडला."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. श्यामकांतांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यात ठेकेदाराचा चहा घेतला नव्हता त्यांनी. दिवाळीला आलेली मिठाई पोऱ्याच्या हाती परत पाठवली होती. आणि आता बाकावरची ती माणसं त्यांच्या पाठीकडे बघत होती, म्हणजे किती खाल्ले असतील याचा पाठीवरून अंदाज घेत होती.

"तुम्ही सांगा मिस्टर टिपणीस," नाडगौडा त्यांच्याकडे वळले. "घरात मसाल्याचा धंदा चालतो?"

"छे हो!" श्यामकांत हसून म्हणाले. "धंदा कसला? हिची आपली हौस. वेळ जायला नको का?"

वाक्य आपलं आपण आलं. ते बाहेर पडून टेबलावर बसल्यावरच श्यामकांतांना ऐकू आलं. रत्नप्रभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या समोरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. त्यावर कुठल्याशा खत कंपनीचा बैल होता.

नाडगौडांनी पेनला टोपण लावलं. "ऐकलंत ना बाई? हौसेला उत्पन्न नसतं. तेव्हा हे पैसे कुठून आले, ते आता साहेबांनीच सांगावं."

"म्हणजे तसं नाही... माझ्या म्हणण्याचा अर्थ..." श्यामकांत म्हणाले.

"अर्थ लेखी आणा. ज्यांनी मसाला विकत घेतला त्या पाच-दहा माणसांचे जबाब आणा, आणि तुमचं स्वतःचं निवेदन. नाहीतर हे उत्पन्न तुमच्या खात्यावर धरून तुमच्या ऑफिसला कळवावं लागेल. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही ऑडिटचेच."

अंधेरीला बसच्या रांगेत उभे असताना श्यामकांतांनी सुट्ट्या पैशांसाठी खिशात हात घातला. "माझं तिकीट मी काढते," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. एवढंच. बसमध्ये त्या बायकांच्या बाकावर जाऊन बसल्या. श्यामकांत दांडीला धरून उभे राहिले. पुढे दोन जागा रिकाम्या होत्या, पण बसायचं धाडस झालं नाही.

घरी आल्यावर त्या धणे निवडायला बसल्या. श्यामकांत दारात घुटमळले.

"अगं, ते तोंडातून निसटलं."

"निसटलं नाही," त्या म्हणाल्या. "तोंडात होतंच."

"लोकांचे कागद मी... म्हणजे तू जाऊन मागितलेस तर बायका देतील पटापट."

"मी नाही जाणार. नऊ वर्षं मी देवाआड लपून मसाला दिला. रीत तुम्ही बसवलीत, तुम्हीच मोडा." त्यांनी सूप पाखडलं. "मला ते यंत्र हवंय. तुमची नोकरीही राहायला हवी, असं आपलं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. श्यामकांतांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि समोरच्या प्रेमा कारखानिसांची कडी वाजवली.

"वहिनी, एक कागद हवा होता. मसाल्यासंबंधी."

"अय्या, उरला नाही का यंदा?"

"नाही, उरला... म्हणजे तसं नव्हे. आपण आमच्याकडून मसाला... नेता."

"नेतो ना!"

"तर तसं लिहून हवं होतं."

प्रेमाताईंनी तत्परतेने लिहून दिलं. जिन्यात येऊन श्यामकांतांनी वाचलं. 'टिपणीस वहिनी आम्हांला दरवर्षी आपुलकीने मसाला देतात. त्यांचा स्वभाव फार चांगला आहे.' ऑडिटच्या दृष्टीने कागद शून्य किमतीचा होता. पण चूक प्रेमाताईंची नव्हती. आपण जे मागितलं तेच त्यांनी दिलं, हे त्यांना तिसऱ्या पायरीवर उमगलं.

पुढचं दार दळव्यांचं. दळवी लुंगीवर होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मान हलवली. "इन्कम टॅक्सच्या कागदावर आमचं नाव? नको बुवा. आणि आम्ही विकत कुठे घेतलं? देवापुढे ठेवले. तुम्हीच सांगायचात ना, यात धंदा कुठे आला म्हणून?"

"ते मी तेव्हा..."

"देवाला वाहिलेल्याचा हिशेब मागू नये, टिपणीस." मग दळव्यांनी जिन्याकडे नजर टाकली, आणखी जवळ सरकून आवाज खाली आणला आणि कौतुकाने विचारलं, "पण काय हो, आयडिया झकास काढलीत! किती मुरवलेत मसाल्यात? मला शिकवा ना यार. आमच्या खात्यात पण थोडंफार असतं."

दळवी श्यामकांतांच्या पाठीवर थाप मारून आत गेले. ती थाप त्यांना लागली. इतकी वर्षं त्या इमारतीत सचोटीचा माणूस म्हणून ते ओळखले जात होते, आणि या पहिल्या सलगीच्या थापेसाठी त्यांच्यावर लाच खाल्ल्याचा संशय यावा लागला होता. आणि हे सगळं कशामुळे, तर 'माझी बायको मसाला विकते' हे चार शब्द तोंडातून निघत नव्हते म्हणून.

तळमजल्यावर शांताबाई राहत. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. दार अर्धं उघडून त्या उभ्या राहिल्या.

"बाई, ते मसाल्याचं... एक लिहून..."

"टिपणीस, चाळीस वर्षं शिकवलंय मी. अर्धी वाक्यं चालत नाहीत मला. काय हवंय?"

श्यामकांतांनी घसा साफ केला. "माझी बायको मसाला विकते," ते म्हणाले. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला आणि जिना घुमला. वर कुठेतरी दोन दारं उघडली. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "माझी बायको मसाला विकते. तुम्ही तो विकत घेता. पैसे देऊन घेता. तसं लिहून द्या."

"देते की," शांताबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाशी बसून नीट चार ओळी लिहिल्या, खाली सही केली, कागद पुढे केला आणि हातातून सोडण्याआधी विचारलं, "हे वाक्य इतकी वर्षं तिला का नाही बोलू दिलंत?"

श्यामकांतांनी उत्तर शोधलं. घराणं, लेखणी, तलवार हे सगळं जवळ होतं, पण शांताबाईंच्या दारात उभं राहून त्यातलं काहीच उच्चारण्यासारखं वाटेना. त्यांनी हात पुढे केला. कागद घेतला.

मग ते पुन्हा कारखानिसांकडे गेले आणि पूर्ण वाक्य म्हणाले. तिथून शेजारच्या इमारतीत, तिथून गल्लीच्या टोकाशी. सरावाने अवघड गोष्ट सोपी होते म्हणतात. ही झाली नाही. प्रत्येक दाराशी ते वाक्य तितकंच जड उचलावं लागलं. कोणी "अहो, मग त्यात काय?" म्हणालं, आणि ते सर्वांत वाईट लागलं. कारण त्यात खरंच काही नव्हतं. नऊ वर्षं जी गोष्ट श्यामकांतांनी देव मध्ये घालून झाकली, तिच्यात लोकांना झाकण्यासारखं काही दिसतच नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "आम्हाला वाटायचं, तुमच्या बाईंनाच संकोच वाटतो. बिचाऱ्या बोलतही नसत पैशाबद्दल." श्यामकांतांनी तोही कागद घडी करून खिशात ठेवला.

स्वतःचं निवेदन ते जेवणाच्या टेबलावर लिहायला बसले. पहिला मसुदा त्यांच्या हाताने आपणच उतरवला: 'अर्जदाराची पत्नी आपल्या फावल्या वेळात किरकोळ स्वरूपाच्या गृहोद्योगाद्वारे संसारास अल्पसा हातभार लावीत असते.' वाचून पाहिलं. मराठी निर्दोष होतं. पलीकडे रत्नप्रभाबाई दुखऱ्या खांद्याला गरम पाण्याची पिशवी बांधून डाव्या हाताने मिरच्यांचे देठ मोडत होत्या. फावला वेळ, श्यामकांतांनी पुन्हा वाचलं. अल्पसा. त्यांनी कागद चुरगळला. मोठा आवाज झाला. रत्नप्रभाबाईंनी वर पाहिलं नाही.

दुसरा मसुदा छोटा झाला. तो त्यांनी बायकोला दाखवला नाही. दाखवायला हवा होता, पण तेवढं धैर्य एका आठवड्यात जमण्यासारखं नव्हतं.

नाडगौडांच्या खोलीत या वेळी बाक जास्तच भरलेला होता. जबाब वाचताना नाडगौडांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "किलोला पंधरा. किलोला पंधरा. हं. हे एक बघा, 'मसाला चांगला असतो, पण मागल्या वर्षी मीठ जास्त होतं.' लाच लपवायला कोणी मिठाची तक्रार लिहून आणत नाही." मग त्यांनी श्यामकांतांचं निवेदन उचललं. त्यांना मोठ्याने वाचायची सवय होती.

"'माझ्या घराचा अर्धा खर्च माझी पत्नी सौ. रत्नप्रभा हिच्या मसाल्याच्या धंद्यातून चालतो. हे मला पहिल्यापासून माहीत होते. मी ते धंदा म्हणून कुठेही नोंदवू दिले नाही व तिलाही तसे म्हणू दिले नाही. कारण मला त्याची लाज वाटत होती. मागील तारखेस मी या कार्यालयात जे बोललो ते खोटे होते.'"

बाकावरचा एक जण खोकला आणि खोकल्याबद्दल ओशाळला. नाडगौडा थोडे अवघडले. "एवढं लिहायची तशी गरज नव्हती, मिस्टर टिपणीस."

श्यामकांतांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. आधी मांडीवर ठेवले, मग टेबलाच्या कडेवर, मग पुन्हा मांडीवर. शेजारच्या खुर्चीकडे मान वळवण्याची त्यांची छाती नव्हती.

"बाई," नाडगौडा म्हणाले, "तुम्हाला हे मान्य आहे ना? म्हणजे मी फाइलला लावतो."

"नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

श्यामकांतांनी डोळे मिटले.

"काय मान्य नाही?"

"अर्धा नाही. अर्ध्याहून जास्त. गेली चार वर्षं." रत्नप्रभाबाईंचा आवाज नेहमीचाच होता, डब्यात किती मावेल ते सांगावं तसा. "त्यांची चूक नाही. त्यांना अर्ध्यापर्यंतच ठाऊक आहे."

नाडगौडांनी ओठ आवळले, कागद फिरवून श्यामकांतांपुढे सरकवला आणि आपलं पेन दिलं. "मग दुरुस्त करा. खोडून वर लिहा, आणि शेजारी सही."

श्यामकांतांनी 'अर्धा' या शब्दावर रेघ मारली. मग पेन तसंच धरून ते थांबले. नऊ वर्षांत हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता, आणि आता तो सगळ्या बाकादेखत विचारावा लागणार होता.

"किती लिहू गं?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"दहातले सहा," त्या म्हणाल्या. "थोडे वर. पण सहाच लिहा."

त्यांनी 'दहातले सहा' लिहिलं. शेजारी सही केली. नाडगौडांनी कागद उचलून ती पाहिली आणि परत पुढे ठेवला.

"पुन्हा करा, साहेब. कोणाची आहे ते वाचता आलं पाहिजे."

श्यामकांतांनी पुन्हा केली. या वेळी नाव सबंध लिहिलं, एकेक अक्षर सुटं.